महीच्या वाळूतलं खोटं

एप्रिल संपत आला की वडोद्याजवळची मही अंग आक्रसून घेते. सिंधरोटच्या आसपास पात्रात वाळूचे आणि गोट्यांचे पट्टे उघडे पडतात. सकाळचे नऊ वाजत नाहीत तोच त्यांच्यावरची हवा थरथरू लागते. अशा पट्ट्यावरून चालणाऱ्याच्या पुढ्यात, आठ-दहा पावलांवर, चिमणीहून जरासा मोठा एक पक्षी एकाएकी कोलमडतो. एक पंख वाळूत फरफटतो, शेपटीची पिसं फाकतात, चोचीतून केविलवाणी शीळ निघते. बघणाऱ्याला वाटतं, याला कुणीतरी जखमी केलंय. तो दोन पावलं पुढे सरकतो. पक्षी लंगडत, घसटत चार पावलं लांब जातो. असं करत करत शंभरेक पावलं झाली की मोडलेला पंख क्षणात सांधतो आणि पक्षी सरळ उडून जातो. माणूस मागे वळतो, पण आपण मघाशी नेमके कुठे उभे होतो हे त्याला सापडत नाही.

तो कंठेरी चिखल्या. गळ्यात काळा कंठा, डोळ्याभोवती पिवळं कडं. आणि माणूस जिथून हलला तिथेच, गोट्यांमधल्या उथळ खळग्यात, गोट्यांच्याच रंगाची तीन-चार अंडी.

पक्षी पाहायला जाणाऱ्यांना हे दृश्य नवं नाही, आणि त्यांच्यापैकी बहुतेक जण घरी येऊन ते कौतुकाने सांगतात. पण ज्याने लहानपणी ‘खोटं कधी बोलू नये’ हे घोकलंय, त्याला तिथे वाळूत उभं असताना एक प्रश्न टोचल्याशिवाय राहत नाही. पंख मोडलेला नव्हता. मोडला आहे असं भासवण्यात आलं, आणि आपण फसावं म्हणूनच भासवण्यात आलं. मग हे असत्य झालं का? झालं असेल तर त्याचा दोष कुणाला? आणि नसेल, तर शब्दांवाचूनही खोटं बोलता येतं असं जे आपण माणसांच्या बाबतीत मानतो, ते पक्ष्याच्या बाबतीत का मानायचं नाही?

प्रश्न जुना आहे. शिकाऱ्यासमोर लोळण घेऊन त्याला पिलांपासून दूर नेणाऱ्या तितराच्या मादीबद्दल अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवलंय. विसाव्या शतकातल्या बऱ्याच शास्त्रज्ञांना मात्र ‘फसवणूक’ हा शब्दच पसंत नव्हता. त्यांचं म्हणणं असं की अंड्यांची ओढ आणि जिवाची भीती या दोन प्रेरणा एकाच वेळी शरीराला उलट्या दिशांनी ओढतात. त्या ओढाताणीत पक्षी तडफडतो, आणि त्या तडफडीला आपण हेतू चिकटवतो. हे स्पष्टीकरण ऐकायला नेटकं आहे, पण चिखल्यांचं वागणं त्यात मावत नाही. ओढाताणीने तडफडणारा जीव दर काही पावलांनी मान वळवून, पाठलाग करणारा मागे येतोय की नाही, हे पाहत नसतो. तो मागे आला नाही तर परत फिरून, त्याच्या आणखी जवळ पडून, नव्याने फडफडत नसतो.

१९८०च्या दशकात कॅरोलिन रिस्टाऊ यांनी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ‘पायपिंग प्लव्हर’ या चिखल्याच्या भाऊबंदांवर काही प्रयोग केले. एक माणूस घरट्याजवळून, त्याच्याकडे पाहत चालला. दुसरा दुरून, तिकडे न पाहता गेला. पुढे तीच माणसं पुन्हा दिसली तेव्हा पक्षी पहिल्याच्या बाबतीत जास्त अस्वस्थ झाले. आणखी एक गोष्ट आढळली. माणूस तितक्याच अंतरावर, पण त्याचं तोंड घरट्यांच्या बाजूला असलं तर पक्षी अंड्यांपासून जास्त वेळ दूर राहत. समुद्राकडे असलं तर लवकर परतत. म्हणजे नुसतं जवळ असणं पुरेसं नव्हतं. माणूस कुठे पाहतोय, हे पक्षी पाहत होते. ‘नजर लागते’ असं मराठी घरात म्हणतात. तान्ह्या बाळाच्या गालावर काजळाची तीट लावणाऱ्या आजीला या प्रयोगाचं फारसं नवल वाटलं नसतं.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पंख मोडल्याचा हा आविर्भाव पक्ष्यांच्या ५२ कुळांतल्या २८५ जातींमध्ये नोंदलेला आहे. जमिनीवर उघड्यावर अंडी घालणाऱ्या, पाणकाठच्या पक्ष्यांत तो विशेष. आणि तो सरसकट केला जात नाही. अमेरिकेतला किलडिअर नावाचा चिखल्या कुत्र्यासमोर किंवा माणसासमोर लंगडतो, पण गाय चालून आली तर लंगडत नाही. गाय अंडी खात नाही, तुडवते. तिला भुलवून काय उपयोग? तिच्या तोंडासमोर तो पंख आणि शेपूट पसरून ठाम उभा राहतो, ओरडतो आणि तिला वाट बदलायला लावतो.

वडोद्यात या कुळातली सगळ्यांच्या ओळखीची म्हणजे टिटवी. दांडिया बाजारातल्या मराठी घरात ‘टिटवी’, दूध घालायला येणाऱ्याच्या तोंडी ‘टिटोडी’. रात्री तिचा आवाज आला की मराठी माणूस अपशकुन म्हणून दचकतो. गुजराती शेतकरी तिच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज बांधतो. उंचवट्यावर किंवा गच्चीवर अंडी घातली तर पाऊस दणकून होणार, अशी समजूत. तिच्याविषयीची सगळ्यात मोठी गोष्ट पंचतंत्रात आहे. समुद्राने अंडी नेली म्हणून टिट्टिभ पक्ष्याने समुद्राशी वैर धरलं, आणि शेवटी समुद्राला ती परत द्यावी लागली. मराठीत ‘टिटवी देखील समुद्र आटविते’ ही म्हण त्यावरूनच पडली. लहानाने मोठ्याशी झुंजावं, याचं हे उदाहरण म्हणून सांगतात. पण झुंज कशावरून पेटली होती, ते म्हणीत उरलेलं नाही. ती अंड्यांवरून पेटली होती.

आता पुन्हा खऱ्या-खोट्याकडे, आणि त्यासाठी कौशिकाची गोष्ट. महाभारताच्या कर्णपर्वात, युधिष्ठिराने गांडीवाची निंदा केली म्हणून अर्जुन भावावर तलवार उपसतो. गांडीव दुसऱ्याला दे म्हणणाऱ्याचा वध करीन, अशी त्याची प्रतिज्ञा असते. तिथे कृष्ण त्याला सांगतो की कौशिक नावाचा एक ब्राह्मण नद्यांच्या संगमापाशी राहत असे. सदैव सत्य बोलण्याचं त्याचं व्रत होतं. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसं त्या रानात येऊन लपली. मागोमाग दरोडेखोर आले आणि त्यांनी विचारलं, ती माणसं कुठे गेली? कौशिकाने जे पाहिलं होतं ते सांगितलं. माणसं मारली गेली. कौशिक नरकात गेला.

या जागी पाश्चात्त्य विचाराने घेतलेली वाट वेगळी आहे. इमॅन्युएल कांट यांनी १७९७ सालच्या एका छोट्या निबंधात जवळजवळ हाच प्रसंग घेतला: खुनी दारात उभा आहे आणि घरात लपलेल्या मित्राबद्दल विचारतो आहे. कांट यांचा निर्णय, खोटं बोलायचं नाही. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली छापलेल्या ‘गीतारहस्या’त हा पेच ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात येतो. अन्यायाने कुणी विचारलं तर जाणत असूनही जडासारखं वागावं, हे मनूचं सांगणं ते तिथे आणतात. टिळकांना या प्रश्नाचं वजन पुरेपूर कळलं होतं. म्हणूनच अहिंसा, सत्य, अस्तेय या सगळ्यांचे अपवाद तपासत ते गीतेकडे वळतात.

चिखल्याच्या बाबतीत कांट यांचा नियम लागू करता येत नाही, हे उघड आहे. त्याने कुणाला वचन दिलेलं नाही. माणसामाणसांतल्या विश्वासाचा जो करार कांट यांना जपायचा होता, त्यात तो कधी सामीलच नव्हता. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणताना युधिष्ठिराला ठाऊक होतं की द्रोणाचार्य आपल्या शब्दावर भरवसा ठेवून उभे आहेत. म्हणूनच जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला. पक्ष्याचा रथ आधीपासूनच जमिनीवर आहे. त्याने कुणाचाही भरवसा मोडलेला नाही.

पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही, तो फक्त जागा बदलतो. कारण महीच्या वाळूत उभ्या असलेल्या त्या प्रसंगात कौशिकाची भूमिका पक्ष्याकडे नाहीच. पक्षी लपलेल्यांच्या बाजूचा. पाहणारा माणूस सुरुवातीला, निदान पक्ष्याच्या लेखी, दरोडेखोर. आणि अंडी एकदा दिसली, की त्या घटकेपासून तो कौशिक होतो. त्याला आता माहीत आहे. उद्या कुणीतरी विचारणार आहे.

विचारलं जातंच. कॅमेऱ्यांच्या भिंगांची लांबी वाढली तशी घरट्याच्या चित्राची हौसही वाढली. फोनमधल्या चित्रासोबत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. एका गटात टाकलेलं चित्र संध्याकाळपर्यंत दहा गटांत फिरतं आणि रविवारी त्या वाळूवर तीन गाड्या उभ्या राहतात. यातल्या कुणाच्याही मनात पाप नसतं. कुणी अंडी उचलत नाही, कुणी दगड मारत नाही. ते फक्त पाहतात, आणि तेवढा वेळ चिखल्याची मादी अंड्यांवरून उठलेली असते. वडोद्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. उघड्या वाळूचं तापमान त्याहून कितीतरी जास्त. अंड्यातला जीव वाढतो तो साधारण ३७-३८ अंशांच्या उबेत. म्हणजे या दिवसांत आई-बाप अंडी उबवत नसतात, ती निववत असतात. टिटवी पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर बसते. तिची ती फेरी चुकली, ती अर्धा तास एखाद्या माणसासमोर पंख फरफटत राहिली, तर अंडी तिथल्या तिथे शिजतात. वरून काहीच दिसत नाही. तीच चार अंडी, तसेच ठिपके, तोच गोट्यांचा रंग.

पंख मोडल्याच्या त्या देखाव्याचं सुंदर छायाचित्र हे म्हणूनच एका अर्थी कबुलीजबाब असतं. पक्षी ज्या संकटाला भुलवत होता ते संकट भिंगाच्या या बाजूला उभं होतं. चिखल्या पंखाबद्दल खोटं सांगतो; आपल्याबद्दल तो जे सांगतो ते अगदी खरं असतं.

पाहिलेलं सांगावं की नाही, या प्रश्नाचा विचार करायला वडोद्यासारख्या शहरात सामग्रीची वाण नाही. सयाजीराव गायकवाडांच्या काळात सुरू झालेल्या इथल्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिचे सात खंड १९६० ते १९७५ या काळात निघाले. त्या रामायणाचा उगमच विणीच्या काळात जोडीने रमलेल्या क्रौंच पक्ष्यांपाशी आहे. निषादाने नर मारला, मादीचा आक्रोश वाल्मीकींनी ऐकला आणि त्या शोकातून श्लोक निघाला. हा क्रौंच म्हणजे सारस असावा असं मानणारे अभ्यासक आहेत, आणि सारस आजही वडोदा-खेडा भागातल्या भातखाचरांत अंडी घालतो. निषादाला ती जोडी कुठे आहे हे कुणी सांगितलं होतं का, याबद्दल वाल्मीकी काही म्हणत नाहीत.

जैन परंपरेने मात्र सांगणाऱ्याचा विचार फार बारकाईने केला आहे. आचारांगसूत्राच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात साधूने वाटेने कसं चालावं याचे नियम आहेत. वाटसरूंनी थांबवून विचारलं, की इथे कुणी माणूस, बैल, म्हैस, श्वापद, पक्षी पाहिलास का, दाखव, तर साधूने दाखवू नये, मौन राहावं. जाणत असला तरी ‘जाणतो’ असं म्हणू नये. पक्ष्याचा त्या यादीत स्पष्ट उल्लेख आहे. तत्त्वार्थसूत्रावरच्या ‘सर्वार्थसिद्धी’ या टीकेत पूज्यपाद आणखी पुढे जातात: ज्याने जिवाला पीडा होते ते बोलणं असत्यच, मग ते घडल्याप्रमाणे असो वा नसो. सत्याची अशी व्याख्या केली की वस्तुस्थितीशी जुळणं एवढ्यावर भागत नाही. कौशिकाचं वाक्य वस्तुस्थितीशी तंतोतंत जुळत होतं.

विनोबा भावे या शहरात वाढले. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले विनोबा सुरतेला उतरून काशीकडे गेले, ही गोष्ट मराठी घरांत सगळ्यांना ठाऊक असते. आईला संस्कृत गीता समजत नाही म्हणून पुढे त्यांनी ‘गीताई’ लिहिली. त्या गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय, आणि त्यात शब्दांचा क्रम पाहण्यासारखा आहे. उद्वेग न देणारं हे विशेषण आधी येतं. सत्य त्याच्यानंतर, प्रिय आणि हितकर त्याच्याही नंतर. हा क्रम छंदाच्या सोयीसाठी आला असेल असं म्हणता येईल. पण महीच्या पात्रात उभं राहून तो वाचला तर तसं म्हणवत नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. सगळेच गप्प बसले तर पक्ष्यांचं रक्षण कसं व्हायचं? वडोद्यापासून पन्नासेक किलोमीटरवर, डभोई तालुक्यात वढवाणा तलाव आहे. ओरसंग नदीचं पाणी वळवून सयाजीरावांच्या कारकिर्दीत १९०९-१०च्या सुमारास तो सिंचनासाठी बांधला गेला. २०२१ साली तो रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाला. हे घडलं ते मौनाने नाही. लोक वर्षानुवर्षं पहाटे तिथे गेले, बदकं मोजली, मालगुजे मोजले, टिलवे आणि तुतवार मोजले, आणि आकडे सर्वांसमोर ठेवले. ज्या जागेविषयी कुणी बोलत नाही ती जागा सपाट करून तिच्यावर प्लॉट पाडायला कुणाची आडकाठी नसते. वाळू उपसणाऱ्या ट्रॅक्टरला चिखल्याची अंडी दिसत नाहीत. ट्रॅक्टरवाल्याला कुणीतरी ती दाखवावीच लागतात. शेत नांगरताना टिटवीच्या अंड्यांभोवतीचा तुकडा सोडून देणारे शेतकरी गुजरातेत आहेत, महाराष्ट्रातही आहेत. त्यांना अंडी कुठे आहेत हे कळलं म्हणूनच ते सोडू शकले.

तेव्हा ‘सांगू नये’ हाही कौशिकासारखाच आंधळा नियम होऊ शकतो. कृष्णाच्या गोष्टीत कौशिकाचा दोष कुठला? कुठल्या सत्याने काय घडेल हे त्याने पाहिलं नाही, विचारणारा कोण आहे हे पाहिलं नाही. नियम पाळला की आपली जबाबदारी संपली असं त्याला वाटलं. वढवाण्यात हिवाळ्यात उतरलेल्या थव्यांची गणना जाहीर करणं आणि मे महिन्यातल्या एका खळग्याचा पत्ता जाहीर करणं, ही दोन्ही खरीच विधानं आहेत. पहिल्याने तलाव वाचतो, दुसऱ्याने चार अंडी जातात. घरट्यांची छायाचित्रं न स्वीकारण्याचा नियम अनेक स्पर्धांनी आता केलाय. ‘ई-बर्ड’सारखी नोंदवही संवेदनशील जातींची नेमकी ठिकाणं लोकांना दाखवत नाही. हे नियम करणाऱ्यांनी आचारांग वाचलं होतं असं नव्हे. ते अनुभवाने तिथे पोहोचले.

वढवाण्यावरचे ते टिलवे आणि मालगुजे एप्रिलमध्ये उत्तरेकडे निघतात. टिलवा तर आर्क्टिकच्या टुंड्रावर जाऊन अंडी घालतो. त्यांची घरटी वडोद्याच्या माणसाला सहसा दिसत नाहीत. पण जून-जुलैत लेहला जाणाऱ्या सहलींमुळे उत्तरेतली एक वीण आता आवाक्यात आली आहे. लडाखमधल्या चार हजार मीटरहून उंच पठारावर, २०२० साली रामसर यादीत गेलेल्या त्सो कारच्या काठी, काळ्या मानेचे क्रौंच अंडी घालतात. त्या पठारावर चिखल्याची एक जातही अंडी घालते, जी हिवाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या चिखलावर दिसते. तिथे विणीचा काळ आखूड, थंडी मोठी, मोकाट कुत्र्यांचा उपद्रव वाढता. क्रौंच जवळून दिसावा म्हणून गाडी रस्ता सोडून गवतात घालायला सांगणारा प्रवासी आणि ‘नाही’ म्हणायला संकोचणारा वाहनचालक, या दोघांमध्ये दर उन्हाळ्यात कौशिकाचा प्रसंग पुन्हा उभा राहतो. वाहनचालकाच्या पोटाचा प्रश्न त्यात असतो. कौशिकाला तसा काही प्रश्न नव्हता, हे ध्यानात ठेवून त्या चालकाकडे पाहायला हवं.

महीवर परत येऊ. चिखल्याची अंडी साधारण साडेतीन आठवड्यांत फुटतात. पिलं जन्मतःच डोळे उघडे ठेवून येतात, अंग वाळताच चालू लागतात. आई-बाप कवचाचे तुकडे चोचीत धरून दूर नेऊन टाकतात. खळगा रिकामा राहतो आणि जूनच्या अखेरीस नदी चढली की तोही जातो. तोवरचे दिवस मात्र जपायचे असतात.

अशाच एखाद्या सकाळी दुर्बीण गळ्यात अडकवलेला कुणी माणूस वाळूवरून वर येतो. अंडी त्याने पाहिलेली असतात. तो लगेच मागे सरकलेला असतो, आणि दूर बाभळीखाली बसून, नदीकडे तोंड करून, मादी परत बसेपर्यंत थांबलेला असतो. रस्त्यालगतच्या टपरीवर मोठ्या भिंगाचा कॅमेरा घेतलेला एक तरुण त्याला विचारतो, ‘काका, खाली काही मिळालं का? घरटं वगैरे?’

तो चहाचा पेला हातात घेतो, बाकावर त्या तरुणाला जागा करून देतो आणि वढवाण्याबद्दल बोलू लागतो. डिसेंबरात पहाटे पाळीवर उभं राहिलं की केवढे थवे उठतात, उजेड कुठल्या बाजूने येतो, कुठून किती वाजता निघायला हवं, सगळं तपशिलाने. तरुण ऐकत राहतो. खाली वाळू आणखी तापलेली असते.